काष्टा नेसण (मराठवाडा)

काष्टा नेसण : नऊवारी लुगडे परकराशिवाय नेसून निऱ्यांचा मध्य दोन्ही पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचण्याची महाराष्ट्रातील जुनी पद्धत. काष्ट्याला कासोटा, काचा असेही म्हणतात. लुगड्याची लांबी नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. परकरावर नेसायच्या पाचवारी-सहावारीच्या नेसणीला गोल नेसण म्हणतात. या नोंदीत छत्रपती संभाजीनगर व त्याभोवतीच्या मराठवाड्यातील नेसणीचा विचार केला आहे.

नेसताना लुगड्याचे एक टोक कमरेभोवती घेऊन वरच्या काठाची घट्ट गाठ मारतात. सगळी नेसण या गाठीवर उभी असते; ती सैल राहिली तर पुढचे काहीच जागेवर बसत नाही. मग पदराची लांबी बेतून तो डाव्या खांद्यावर घेतात आणि मधल्या कापडाच्या निऱ्या घालून पोटाशी खोचतात. शेवटी किंचित वाकून निऱ्यांचा खालचा काठ पायांमधून मागे ओढतात, काठ सारखे करतात आणि कंबरेच्या मधोमध खोचतात. टाचणी, नाडी, हुक यांचे काही काम पडत नाही.

मराठवाड्यातील कष्टकरी बायका लुगडे घोट्याच्या बरेच वर नेसतात. खुरपणीला तासन्‌तास उकिडवे बसायचे, बांध ओलांडायचा, डोक्यावर भारा घेऊन चालायचे, तर पाय मोकळे हवेत. कापूस वेचताना याच लुगड्याची ओटी होते, उन्हात पदर डोक्यावर येतो, सुटे पैसे कमरेच्या खोचणीत राहतात. पैठणच्या नाथषष्ठीला दिंडीबरोबर चालत येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर ही नेसण आजही दिसते. घरंदाज मराठा घरांत लुगडे पायघोळ आणि पदर डोक्यावरून असे. ब्राह्मणी नेसणीत निऱ्यांचा एक काठ उचलून कमरेला खोचतात, त्यामुळे तो पुढून तिरका दिसतो. कोकणातील कोळी नेसण गुडघ्यापर्यंत आणि घट्ट असते, तर गोव्यातील कुणबी बायका कापडाची गाठ खांद्यावर मारतात.

रोजचे लुगडे सुती असे. इरकली लुगडी आजच्या कर्नाटकातील इळकलहून येत, तर नारायणपेठी ज्या गावची, ते नारायणपेठ मराठवाड्याप्रमाणेच १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. लग्नकार्यातले वस्त्र, म्हणजे पैठणी, मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलेच. शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, गोदावरीकाठी, पैठण आहे. पैठणीच्या पदरावरील नक्षी विणताना रंगीत बाण्याचे धागे हाताने एकमेकांत अडकवतात; मागे सुटे धागे लोंबत नाहीत आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. काष्ट्यात कापड वळते, उलटते, पदर डोक्यावरून पुढे येतो, त्यामुळे त्याची उलट बाजूही लोकांच्या नजरेस पडते. म्हणूनच पैठणीचे खरे रूप नऊवारीत खुलते, असे म्हणावेसे वाटते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज पैठण आणि येवल्यात सहावारी पैठण्याच अधिक विणल्या जातात.

विसाव्या शतकात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींनी गोल नेसण उचलली आणि शहरांत काष्टा मागे पडला. आज देशभर रूढ असलेल्या नेसणीच्या घडणीत बंगालच्या ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचा वाटा मोठा आहे. १८६० च्या दशकात मुंबईत असताना त्यांनी पारशी बायकांची पद्धत पाहून तिला नवे वळण दिले. साडीच्या अभ्यासक ऋता कपूर चिश्ती यांनी साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या आहेत. कर्नाटकातील कोडगूत निऱ्या मागे खोचतात, तमिळ ब्राह्मणांचे मडिसार आपल्यासारखेच नऊवारी असते, आणि तरीही बहुतेक घरांत आता एकच नेसण उरली आहे.

मंगळागौर, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आणि लग्ने यांमुळे नऊवारी परत आली, पण बरेचदा शिवलेली. ती पायजम्यासारखी झटकन चढवता येते, ही सोय मोठीच आहे. मात्र ती एकाच मापाची असते. न शिवलेले लुगडे आजीला होते तसेच नातीलाही होते, आणि गरोदरपणातही सैल करून नेसता येते. शिकायचे असल्यास रेशमी लुगडे घेऊ नये, ते निसटते. जुने, धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घ्यावे आणि घरातल्या जाणत्या बाईसमोर उभे राहून आधी गाठ मारायला शिकावे.