सातपुड्यावरचा काळा डाग

गेल्या दिवाळीला धडगावला घरी होतो. अस्तंब्याच्या यात्रेची गर्दी सुरू होती आणि मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन १८व्या शतकातल्या हिंदुस्थानचा नकाशा बघत बसलो होतो. खेळाचं नाव 'एम्पायर: टोटल वॉर'. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीने २००९ मध्ये विंडोजसाठी काढलेला. मुख्य मोहीम १७०० साली सुरू होते, आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं. माझा प्रबंध लोकप्रिय माध्यमांतल्या मराठा इतिहासावर आहे, म्हणून हा खेळ माझ्यासाठी करमणूक कमी आणि साधन जास्त. (घरच्यांना हे अजून पटलेलं नाही.)

नकाशावर नर्मदेच्या खाली, साधारण जिथे सातपुडा असायला हवा तिथे, एक काळाकुट्ट डाग दिसला. म्हणजे जवळजवळ आमच्या घरावरच. मी खूश! 'साम्राज्याच्या नजरेतला अंधारा प्रदेश' अशा मथळ्याखाली दोन पानं खरडली. या खेळात न पाहिलेला मुलूख झाकलेला असतोच, त्यामुळे शंकाही आली नाही. चार दिवसांनी मावसभाऊ आला, त्याच्याकडे स्टीम डेक होता, हातात धरून खेळायचं यंत्र. त्यावर तोच खेळ लावला तर डाग गायब, छान हिरवे डोंगर. माझ्या लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना होता, एवढंच. दोन पानं फाडली.

हे का घडलं ते कळायला थोडा इतिहास लागतो.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, आणि स्टीम डेकही लिनक्सवरच चालतो. विंडोजचा खेळ तिथे थेट चालत नाही. त्यासाठी 'वाईन' नावाचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, तेव्हा लक्ष्य होतं विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम. वाईन म्हणजे नकली विंडोज संगणक नव्हे. प्रोग्रॅम म्हणतो, 'फाइल उघड', 'खिडकी काढ'. वाईन ती मागणी ऐकून लिनक्सकडून काम करून घेतं. तहसीलमध्ये पावरी बोलणाऱ्या आजोबांसोबत जाणारा नातू जे करतो, तेच. पहिली पक्की आवृत्ती यायला २००८ उजाडलं, म्हणजे १५ वर्षं.

याच काळात दुसरा मार्गही होता: खेळच लिनक्ससाठी नव्याने बांधायचा. लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' असाच आणला. पुढे आणखीही आणले, पण २००२ मध्ये कंपनी बंद पडली आणि ते खेळ होते तिथेच थांबले. वाईन कुणा एका कंपनीवर उभं नव्हतं, म्हणून टिकलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्यावर 'प्रोटॉन' बेतलं. त्यात 'डीएक्सव्हीके' हा आणखी एक दुभाषी असतो, जो विंडोजची चित्र काढण्याची भाषा लिनक्सला समजेल अशा 'व्हल्कन' भाषेत उतरवतो. माझा काळा डाग या उतरवण्यात आणि माझ्या जुन्या ड्रायव्हरच्या मधे कुठेतरी पडला होता.

आता गंमत बघा. 'एम्पायर'ची खास लिनक्ससाठी बांधलेली आवृत्तीही आहे, फेरल इंटरॅक्टिव्हने डिसेंबर २०१४ मध्ये काढलेली. त्याच कंपनीने २०२४ मध्ये तो मोबाइलवर आणला, बोटांनी खेळता यावा म्हणून पडद्याची मांडणी बदलून. म्हणजे एकाच खेळाच्या निदान तीन प्रती, शिवाय प्रोटॉनमधून वाचलेली विंडोजची प्रत. मी शेवटची निवडली, कारण मला २००९ चा मूळ पाठ हवा होता. पण मूळ पाठही मी दुभाष्याकडूनच ऐकत होतो हे विसरलो.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. पेशवे दफ्तरातले मोडी कागद बहुतेक जण सरदेसायांनी संपादित केलेल्या ४५ खंडांतून देवनागरीत वाचतात. तिथे 'हा शब्द मूळ रुमालातला की छापताना शिरलेला?' असं विचारायची शिस्त आपल्याला लावली जाते. खेळाच्या बाबतीत मात्र सरळ स्क्रीनशॉट चिकटवून मोकळे होतो, मीसुद्धा.

आणि दुभाष्याच्या पायाखालची जमीनही हलते. जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२-बिट प्रोग्रॅमांचा आधार काढायचं जाहीर केलं. 'एम्पायर'सारखे जुने खेळ त्यावरच चालतात. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय बराचसा मागे घेतला गेला. दफ्तरखान्याचं छप्पर काढायचं कुणी ठरवलं असतं तर आपण मोर्चा नेला असता. ही बातमी इतिहास विभागात कुणी वाचलीही नसेल.

डाग पुसल्यावर उरलं काय? बरंच उरलं. खेळात १७०० मध्येच 'मराठा राज्यसंघ' आहे. प्रत्यक्षात त्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली आणि औरंगजेब किल्ल्यामागून किल्ला घेत होता. ज्याला संघ म्हणतात ती शिंदे-होळकर-गायकवाडांची रचना त्यानंतर कितीतरी वर्षांनी आकाराला आली. ही चूक कुठल्याही यंत्रावर तशीच दिसते, म्हणून ती निर्मात्यांची. भिल्लांची सत्ता म्हणून नकाशावर काहीच नाही, हेही तसंच. १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर इंग्रजांना इथल्या डोंगरांत वर्षानुवर्षं झुंजावं लागलं, १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारावी लागली. खेळात मात्र सातपुडा म्हणजे फौज नेताना आडवे येणारे डोंगर. माझ्या काळ्या डागापेक्षा हे हिरवे डोंगर जास्त बोलतात, फक्त त्यांच्यावर लिहायला मेहनत जास्त लागते.

आता वहीत प्रत्येक नोंदीच्या वर एक ओळ असते: खेळाची आवृत्ती, प्रोटॉनचा क्रमांक, ड्रायव्हर, यंत्र, तारीख. आणि काही विचित्र दिसलं तर दुसऱ्या यंत्रावर बघितल्याशिवाय पेन उघडत नाही. मावसभाऊ होळीला परत येतोय, तोवर तीन नोंदींपुढे प्रश्नचिन्ह आहे.