एक पत्ता अव्हिलचा: धंतोलीच्या काउंटरवरून

औषधाचं दुकान नाही असा कोपरा नागपूरच्या धंतोलीत आता शिल्लक नाही. लोकमत चौकातून आत वळा की मेहाडिया चौकाकडून या, दवाखाने, लॅबा, सोनोग्राफी सेंटरं आणि त्यांच्या पायथ्याशी मेडिकल स्टोअर्स. रुग्णालयांच्या गर्दीने आणि पार्किंगने इथले रहिवासी इतके जेरीस आले की भांडण थेट हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पण मुळात ही बंगल्यांची वस्ती. नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं तेव्हा इथे वकील, सरकारी अधिकारी, प्राध्यापक राहायचे. १९२८ पासून रामकृष्ण मठ इथे आहे. १९४७ साली नागपुरात मेडिकल कॉलेज निघालं, आणि पुढच्या काही दशकांत धंतोलीच्या बंगल्यांच्या पुढच्या खोल्यांमधून डॉक्टरांच्या पाट्या दिसू लागल्या. स्टेशन जवळ, बर्डी जवळ. वर्धा-यवतमाळहून एसटीने आणि बैतूल-छिंदवाड्याकडून रेल्वेने येणाऱ्या पेशंटला याहून सोयीची जागा नव्हती.

अशाच एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या दुकानात मी डी.फार्म. करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी उभी राहिले. तेव्हा गिऱ्हाईक मला ‘ताई’ म्हणायचं. निवृत्त झाले तेव्हा ‘काकू’ म्हणत होतं. मधल्या काळात कॅन्सरपासून हार्टपर्यंतची औषधं हातांखालून गेली. पण माणूस आणि औषध यांचा संबंध मला शिकवला तो सर्वांत किरकोळ समजल्या जाणाऱ्या गोळीने, अ‍ॅलर्जीच्या.

ही गोळी येण्याआधी अंगावर पित्त उठलं की घरोघरी आमसुलाचं पाणी चोळत, गेरू खोबरेलात कालवून लावत. खाज फारच झाली तर खरखरीत घोंगडी अंगावरून फिरवत. आमच्या दुकानातले कंपाउंडर काका त्याहून पुढची गोष्ट सांगत. त्यांच्या तरुणपणी डॉक्टर पित्तावर कॅल्शियमचं इंजेक्शन नसेतून द्यायचे. औषध शिरताना अंगातून ऊब धावायची, आणि पेशंटची खात्री पटायची की हे लागू पडलं. पुष्कळदा पित्त आपणहूनच ओसरायचं. श्रेय त्या उबेला मिळायचं.

खरा उतारा निघाला तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतात आणि त्यातून खाज, शिंका, सूज येते. त्याचे परिणाम इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी १९१० पासून अभ्यासले होते. १९३७ मध्ये डॅनिएल बोवे आणि अ‍ॅन-मरी स्टाउब यांनी त्याला अडवणारं पहिलं रसायन दाखवलं, पण ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, फार विषारी होतं. पेशंटला देता येईल असं औषध १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना फ्रान्समध्येच आलं. अमेरिकेत जॉर्ज रीव्हशल यांचं डायफेनहायड्रामिन १९४६ मध्ये बाजारात उतरलं; आपल्याकडे ते बेनाड्रिल म्हणून घराघरात गेलं. बोवे यांना १९५७ साली नोबेल मिळालं.

हिस्टामिनला अडवणाऱ्या या ‘अँटिहिस्टामिन’ कुळातलं फेनिरामिन आपल्याकडे हेक्स्ट कंपनीने ‘अव्हिल’ या नावाने विकलं. मी काउंटरवर आले तेव्हा अव्हिल हे कंपनीने दिलेलं नाव उरलंच नव्हतं, घरातलं माणूस झालं होतं. “ताई, एक पत्ता अव्हिल द्या ना, खाजवून खाजवून जीव चालला बाप्पा!” डॉक्टरचं नाव नाही, चिठ्ठी नाही. गांधीलमाशी चावली, अव्हिल. झिंगे खाऊन ओठ सुजला, अव्हिल. वॉर्डात रक्त चढवताना थंडी वाजली, अव्हिलचं इंजेक्शन.

काकांचा एक नियम होता. पत्ता हातात देण्याआधी ते विचारत, “घरी जाऊन झोपणार, का कामावर जाणार?” तोवर नागपुरात लुना झाल्या होत्या, आणि अव्हिल खाऊन लुनावर वर्धा रोडने जाणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. या जुन्या गोळ्या रक्तातून मेंदूत शिरतात, तिथलं हिस्टामिनही अडवतात. आणि जागं राहायला मेंदूला तेच लागतं. काही गोळ्यांचा असर तर रात्रीच्या झोपेने संपत नाही. सर्दीच्या गोळ्यांत असतं ते क्लोरफेनिरामिन दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळतं. माणसाला आपण जागे आहोत असं वाटतं, ब्रेकवरचा पाय मात्र उशिरा पडतो.

हा प्रश्न काकांची लहर नव्हती. १९४५ च्या औषध नियमांत ‘शेड्यूल जी’ नावाची यादी आहे, आणि तीत अँटिहिस्टामिन औषधं नावानिशी आहेत. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापावा लागतो. परदेशात ‘चिठ्ठीविना मिळणारी औषधं’ असा स्वतंत्र वर्ग कायद्यात असतो. आपल्याकडे तसा वर्ग कायद्याने केलेलाच नाही. कायद्याने जागा मोकळी सोडली आणि ती काउंटरने भरली. तिथे कोण उभं आहे, यावर सगळं ठरू लागलं.

दरम्यान गिऱ्हाईक वाढतच होतं. गाजरगवत पुण्यात पन्नासच्या दशकाच्या मध्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि बघता बघता देशभर पसरलं. नागपुरातही पावसाळा ओसरला की मोकळ्या प्लॉटांवर त्याची पांढरी फुलं कमरेएवढी उभी राहत, आणि दुकानात शिंका सुरू होत. कुणाच्या मानेवर, कोपराच्या आत चट्टे. दुसरा हंगाम मार्चअखेरचा. वर्षभर माळ्यावर पडलेला कूलर उतरवायचा, जुनी वुडवूल न बदलता पाणी सोडायचं. पहिल्या रात्रीच बुरशीचा वास आणि धूळ घरभर. दुसऱ्या सकाळी तो माणूस नाक पुसत आमच्याकडे. मी गोळी देई, आणि वुडवूल नवी टाका असंही सांगे. तो सल्ला फुकटचा, म्हणून बहुधा विसरला जाई.

नव्वदच्या दशकात सेटिरिझिन आलं. मूळ शोध बेल्जियमच्या यूसीबी कंपनीचा. पण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवायच्या रीतीवर मिळत होतं. त्यामुळे देशी कंपन्यांनी वेगळ्या रीतीने तीच गोळी बनवली आणि ती पाहता पाहता स्वस्त झाली. दिवसाला एक, दहा मिलिग्रॅम. ‘झोप न येणारी’ म्हणून ती ख्यातीला आली, आणि गोंधळ इथूनच सुरू झाला. सेटिरिझिनने झोप कमी येते. येतच नाही असं नाही. अव्हिलला लोक बिचकून होते, ती आपला धाक स्वतः बाळगून होती. नव्या गोळीचा धाक कुणालाच नव्हता. माझा सगळ्यात ठाम निष्कर्ष हाच: औषध जितकं निरुपद्रवी दिसू लागलं, तितका काउंटरवरचा प्रश्न गळत गेला.

याची किंमत काय असते ते टर्फेनाडिनने दाखवलं. खरोखर झोप न आणणारी ही गोळी अमेरिकेत १९८५ मध्ये आली, आपल्याकडेही विकली गेली. मग कळलं की एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोलसोबत घेतली तर यकृतात तिचा निचरा होत नाही, रक्तातलं प्रमाण चढतं आणि हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडू शकतात. घसा दुखतो म्हणून एरिथ्रोमायसिन, शिंका येतात म्हणून टर्फेनाडिन: ही जोडी कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये रोज जमत असणार. अमेरिकेत तिची सद्दी नव्वदच्या दशकाअखेर संपली; भारतात २००३ मध्ये तिच्यावर बंदी आली, तिच्यासारख्याच अ‍ॅस्टेमिझोलवरही. टर्फेनाडिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते फेक्सोफेनाडिन मात्र हृदयाला सुरक्षित निघालं, आज ते सर्रास विकलं जातं. त्याच्याबाबत नागपूरकरांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगत असे: ही गोळी संत्र्याच्या रसासोबत घेऊ नका. रसाने ती आतड्यातून नीट शोषली जात नाही, आणि गुण येत नाही म्हणून माणूस दुसरी गोळी खातो. साधं पाणी घ्या.

दुकानात नव्याने लागणाऱ्या पोरांना मी काकांचा प्रश्न वाढवून शिकवला. गाडी किंवा मशीन चालवता का? रात्री दारू घेणार का? वयस्क पुरुषाला: लघवीला अडतं का? जुन्या गोळ्या प्रोस्टेटवाल्याची लघवी कोंडू शकतात, काचबिंदू वाढवू शकतात, म्हाताऱ्या माणसाला भ्रमिष्ट करू शकतात. किडनीचा त्रास आहे का? मग सेटिरिझिनचा डोस डॉक्टरला विचारून कमी करावा लागतो. दिवस गेलेत का, अंगावर पाजता का? आणि सर्वांत महत्त्वाचं: सर्दीची दुसरी कुठली गोळी चालू आहे का? कारण सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत आधीच एक अँटिहिस्टामिन असतं. वर अव्हिल घेतली की डोस दुप्पट, आणि माणूस म्हणतो, सर्दीने गळून गेलो. एक सूचना मात्र विचारायची नसते, सांगायचीच असते: जीभ-घसा सुजला, श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर गोळी घेत घरी बसायचं नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा.

लेकरांची गोष्ट वेगळी. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली, परासियाकडची लहान मुलं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. वीसहून जास्त मुलं दगावली. ‘कोल्ड्रिफ’ या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. मारलं ते विषाने, अँटिहिस्टामिनने नव्हे. पण ते सिरप याच सर्दीच्या मिश्रणाचं होतं. साध्या सर्दीला, जी आठवड्यात आपणहून जाते, इतक्या लहान मुलाला औषध हवंच होतं का, हा प्रश्न विषाच्याही आधीचा आहे.

आता काउंटरवर पोरं घाईत असतात, निम्मी मागणी मोबाईलवर येते. कात्रीने पत्ता कापून चार गोळ्या दिल्या की नाव आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर राहते. तेव्हा निदान एवढं करा: नाव आणि मुदत दिसेल असाच तुकडा मागून घ्या, आणि भिंतीवर ज्याची नोंदणी टांगलेली असते तो फार्मासिस्ट दुकानात आहे का ते विचारा. तो असेल तर तुमच्या चालू गोळ्यांची यादी त्याच्यापुढे ठेवा. तो प्रश्न विचारू लागला तर कंटाळू नका; कायद्याने त्याला तिथे उभं केलं आहे ते त्याच कामासाठी.