दार उघडले, पण टिकू द्याल का?

भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्यांमधून आपल्या मुली पहाटे धावायला खाली उतरतात. जीडी कॉन्स्टेबलच्या भरतीत त्यांना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत धावायचे असते. काहींना सीमा सुरक्षा दलात जायचे आहे. त्यांना आम्ही आधी आपला इतिहास सांगतो.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला महार सैनिक लढले. तरीही १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट उभारली. धडा सरळ आहे : गरजेपोटी उघडलेले दार गरज सरली की बंद होते. म्हणून बाबासाहेबांनी उपकार नव्हे, हक्क मागितला. संविधानाच्या कलम १६(२) ने सरकारी नोकरीत जात आणि लिंग या दोन्हींवरून भेदभाव करायला मनाई केली.

आता बायांचे पाहा. सीमा सुरक्षा दल १९६५ चे, पण महिला कॉन्स्टेबलांची पहिली तुकडी सीमेवर गेली २००९ मध्ये. तीही का? पंजाबात तारेच्या कुंपणापलीकडे शेतावर जाणाऱ्या बायांची झडती पुरुष जवानाने घेणे शक्य नव्हते म्हणून. म्हणजे पुन्हा गरजच! २०१६ मध्ये केंद्राने राखीव दल आणि औद्योगिक सुरक्षा दलात कॉन्स्टेबल पदांवर महिलांना ३३ टक्के जागा ठरवल्या. सीमेवरच्या दलांत मात्र फक्त १४-१५ टक्के. का?

भरती झाली तरी टिकण्याचा प्रश्न उरतोच. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूतीकाळातील विश्रांती हे राष्ट्राचे हित असून तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी भूमिका मांडली. आज केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पण बालसंगोपन रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे आदेशातच लिहिले आहे. सीमेवरच्या चौकीत लेकराची आई साहेबाच्या मर्जीवर राहणार असेल, तर ती नोकरी किती वर्षे टिकवेल?

म्हणून भांडुपच्या पोरींनो, जरूर धावा. वर्दी मिळाली की चौकीत स्वतंत्र शौचालय, पाळणाघर, बढती आणि रजा हक्काने मागा. दारात घेतले म्हणून कुणाचे आभार मानू नका.

जय भीम!