फेरफार, सातबारा आणि अवस्थायंत्र

सिन्नरला सातबारा समजावून सांगायला कुणी बाहेरून यायची गरज नाही. माळेगाव आणि मुसळगावची औद्योगिक वसाहत, गुळवंचकडे सेझसाठी गेलेली जमीन, आणि आता समृद्धी महामार्ग. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर जाणं हा इथे घरोघरचा विषय आहे. पण आज समोर बरीच मुलं सॉफ्टवेअर लिहिणारी आहेत, काही ऑनलाइन ऐकतायत. त्यांच्यासाठी मी याच सातबाऱ्याचा इतिहास जरा वेगळ्या बाजूने सांगणार आहे.

प्रश्न असा. तुमच्या डेटाबेसमध्ये एक तक्ता आहे, अर्जांचा म्हणा. प्रत्येक ओळीत एक रकाना आहे, 'स्थिती'. त्यात लिहिलंय: दाखल, तपासणीत, मंजूर, नामंजूर. आता सांगा, 'दाखल' खोडून थेट 'मंजूर' लिहिण्यापासून कोण अडवतं? तक्ता अडवत नाही. त्याला फक्त आत्ता काय आहे तेवढंच माहीत. आधी काय होतं, मधे काय व्हायला हवं होतं, हे त्याच्या गावीही नाही. म्हणून लोक स्टेट मशीन जोडतात. मराठीत अवस्थायंत्र म्हणू. कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत जाता येतं, कुठल्या अटीवर आणि कुणाच्या हाताने, याची ती यादी असते. ही यादी आणि तो तक्ता, या दोघांचं लग्न कसं लावायचं हा आजचा विषय.

या दोघांची घराणी वेगळी आहेत. अवस्थायंत्राचं घराणं बेल लॅब्जचं. तिथे जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये आणि एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये निबंध लिहिले. दोघांत फरक एवढाच की मीलीच्या यंत्रात उत्तर एका अवस्थेतून दुसरीत जाताना बाहेर पडतं, मूरच्या यंत्रात ते त्या त्या अवस्थेत असण्यामुळेच मिळतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तक्त्याचं घराणं आयबीएमचं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटा तक्त्यांत मांडायची पद्धत सुचवली, तीच आज सगळीकडे चालते. पण महसूल खात्याने हे लग्न कागदावर त्याच्याही पन्नास-साठ वर्षं आधी लावून टाकलं होतं. आणि माझं मत सांगतो, आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगलं लावलं होतं.

आता मागे जाऊ. सिन्नर म्हणजे यादवांचं सिंदीनगर असं अभ्यासक मानतात. यादवांच्या काळात जमीन दान दिली की ताम्रपट कोरत. तांब्यावर खाडाखोड करता येत नाही, दान बदललं तर नवा पट. ते असो, फार मागे गेलो. इंग्रजांची मोजणी पुणे जिल्ह्यात इंदापूरला १८३५ च्या सुमारास सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताखाली. त्या पद्धतीत सरकारला एकाच गोष्टीत रस होता: सारा कोण भरणार? खातेदाराचं नाव लिहिलं की काम झालं. जमीन गहाण आहे का, भाऊबंदांचा वाटा किती, कसतो कोण, याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. म्हणजे एक रकाना, एक नाव. पुढे १८७५ चे दख्खनचे दंगे झाले, शतक सरताना दोन मोठे दुष्काळ पडले, जमिनी सावकारांकडे गेल्या, आणि सरकारच्या लक्षात आलं की आपल्या कागदात दिसतं त्याचा आणि शेतात चालतं त्याचा मेळच नाही.

त्यातून १९०३ चा मुंबई हक्कनोंदीचा कायदा आला. १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. गावाच्या दप्तराचे नमुने अँडरसन या अधिकाऱ्याने पुस्तकात बांधून दिले. 'अँडरसन मॅन्युअल' हा शब्द महसूल खात्यातल्या जुन्या मंडळींच्या तोंडून आजही ऐकू येतो. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही.

खरी गंमत या नमुना ६ मध्ये आहे. सातबारा ही तुमच्या डेटाबेसमधली ओळ आहे, आत्ता काय आहे ते सांगणारी. फेरफार नोंदवही हे अवस्थायंत्र आहे. आणि नियम असा की नोंदवहीतून गेल्याशिवाय सातबाऱ्यावर काही उतरत नाही. आजच्या कायद्यात, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये, हे कलम १४९ आणि १५० मध्ये आहे.

एक फेरफार घेऊन चालू. समजा वडील वारले. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. तलाठी नोंदवहीत नोंद धरतो आणि तिला क्रमांक देतो. ही पहिली अवस्था. मग नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी नोटीस द्यायची. नोटिशीची मुदत पंधरा दिवस. हरकत आली तर नोंद नमुना ६-अ मध्ये जाते, ती विवादग्रस्त प्रकरणांची वेगळी नोंदवही. तिथे सुनावणी होऊन आदेश होतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. आणि प्रमाणित झाल्यावरच, त्याआधी नाही, नाव सातबाऱ्यावर चढतं.

नोंद धरणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, हेही पाहा. अवस्था बदलायची अट नुसती 'काय झालं' एवढी नाही, 'कुणी केलं' हीसुद्धा आहे.

हाताने लिहायच्या काळात नोंद धरली की तलाठी सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक पेन्सिलने लिहीत असे. पेन्सिलने! म्हणजे बघणाऱ्याला कळावं की काहीतरी चालू आहे, पण अजून ठरलेलं नाही. प्रमाणित झाल्यावर शाई. आणि जुनं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक वर्तुळात. त्यामुळे सातबारा हातात घेतला की कंसातली नावं आणि वर्तुळातले आकडे धरून तुम्ही पन्नास वर्षं मागे चालत जाऊ शकता. प्रत्येक आकड्याला नोंदवहीत एक पान आहे, त्यावर तारीख, कारण, सह्या.

आता मीली आणि मूर आठवा. नोटीस निघते ती नोंद पुढे सरकताना, एकदाच. हे मीलीचं यंत्र. पेन्सिलचा आकडा जोवर नोंद प्रलंबित आहे तोवर दिसत राहतो, तो मूरचा. आपली मुलं हे दोन्ही एकाच फंक्शनमध्ये कोंबतात, आणि मग ओळ पुन्हा सेव्ह केली की ग्राहकाला तोच संदेश दोनदा जातो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. 'नोटीस दिली' हो की नाही, 'हरकत आहे' हो की नाही, 'प्रमाणित' हो की नाही, असे तीन रकाने करतात. तीन हो-नाहीच्या आठ जोड्या होतात, त्यातल्या निम्म्या तरी निरर्थक. नोटीस दिलेली नाही पण प्रमाणित आहे, याचा अर्थ काय लावायचा? महसूलवाल्यांनी विवादासाठी वेगळी वहीच केली. एक नोंद एका वेळी एकाच ठिकाणी उभी.

आणि प्रमाणित झालेलं चुकीचं निघालं तर? प्रांताकडे अपील आहे. अपील मान्य झालं तरी जुन्या नोंदीला हात लावत नाहीत. त्या आदेशाचा नवा फेरफार धरतात, नवा क्रमांक. अमेरिकेत जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये डेटाबेसमधल्या 'ट्रान्झॅक्शन' या कल्पनेवर जो निबंध लिहिला त्यात हेच आहे. ही कल्पना करारांच्या कायद्यातून आली असं ते म्हणतात, आणि कागदावर हिशेब ठेवणारे जुनी नोंद कधी बदलत नसत, चूक झाली तर भरपाईची नवी नोंद करत, याची आठवण करून देतात. जागच्या जागी खोडून नवं लिहिणं हे त्यांना विषारी सफरचंदासारखं वाटत होतं. डिस्क महाग होती म्हणून ती सवय लागली.

कागदाची पद्धत निर्दोष होती असं मी म्हणत नाही. सातबाऱ्याचं ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होई. कंसातली नावं गाळून चालू नावं नव्या कागदावर उतरवायची. हे काम हाताने, शेकड्यांनी पानांवर. एखादं नाव उतरवायचं राहिलं तर? कुठलाही फेरफार न होता माणूस सातबाऱ्यावरून गेला. बहिणीचं नाव, 'इतर हक्क' रकान्यातलं कुळाचं नाव. यंत्राला वळसा घालून झालेला बदल तो हाच.

आणि संगणक आला तेव्हा नेमकी हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली, २००८ मध्ये तिला राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रमाचं रूप आलं. आपल्याकडे भरला गेला तो सातबारा. म्हणजे ओळी भरल्या, यंत्र बाहेरच राहिलं. जुन्या फेरफारांची पुढे स्कॅन केलेली चित्रं झाली, पण चित्रावर अट चालत नाही. हस्तलिखित एक सांगतंय, संगणक दुसरं.

नंतर ई-फेरफार प्रणाली आली. तिने नोंदवही आत घेतली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती तहसीलकडे जाते, तलाठी फेरफार तयार करतो, नोटीस निघते, मुदत संपल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्याला प्रमाणित करता येत नाही, आणि प्रमाणित होताच सातबारा बदलतो. पण त्याआधी आत भरलेला सातबारा हस्तलिखिताशी जुळवून घेणं भाग होतं. त्यासाठी संपादन आणि पुनर्संपादन अशा सुविधा दिल्या गेल्या, चावडी वाचन झालं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले.

संपादन म्हणजे काय हे मुलांनी नीट समजून घ्यावं. ओळ थेट बदलायची खिडकी. तुमच्याकडेही ती असते. रेल्स घ्या, जँगो घ्या, अवस्थायंत्राचं ग्रंथालय कितीही चांगलं असो, कुणीतरी रात्री दोन वाजता थेट एसक्यूएलने स्थिती बदलतोच. अशी खिडकी लागते, हे मी मान्य करतो. पण तिची स्वतःची नोंदवही हवी, तिथेही दुसऱ्याची सही हवी. संहितेत कलम १५५ आहे, लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी. त्याच्या नावाखाली मूळ हक्कच बदलल्याच्या तक्रारी राज्यात झाल्या आहेत. लेखनप्रमाद कशाला म्हणायचं हे यंत्राला ठरवता येत नाही.

कागदाकडे एक गोष्ट फुकट होती, ती सांगतो. नोंदवही एकच होती. ती मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर असेल तर त्याच क्षणी तलाठी तिच्यात हरकत लिहू शकत नव्हता. संगणकावर दोघांच्या पडद्यावर तीच नोंद उघडी असते. एक हरकत नोंदवतोय, दुसरा प्रमाणित करतोय. दोघांनाही स्थिती 'नोटीस दिली' अशीच दिसते, दोघांच्याही अटी पूर्ण होतात. म्हणून अट तपासणं आणि अवस्था बदलणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ओळीला कुलूप लावून करायचं. पोस्टग्रेसमध्ये 'सिलेक्ट फॉर अपडेट' आहे ते यासाठी. आणि फेरफाराची स्थिती व सातबाऱ्याची ओळ एकत्रच बदलायची. एक झालं आणि दुसरं राहिलं, तर तुम्ही पुन्हा त्या पुनर्लेखनाच्या काळात.

आजच्या डिजिटल सातबाऱ्यावर खाली बघा. शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख असते, आणि 'प्रलंबित फेरफार' असा मजकूर असतो. ती जुनी पेन्सिल आहे. जमीन घेणारे बरेच लोक ती ओळ न वाचताच इसार देतात.

आता एकच मुद्दा, मग प्रश्न घेऊ. संहितेचं कलम १५७ म्हणतं की प्रमाणित नोंद खरी मानायची, ती चुकीची सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर मार्गाने दुसरी नोंद येईपर्यंत. आणि सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे की फेरफाराने मालकी मिळत नाही. दोन्ही खरं. पण महामार्गाचा मोबदला ठरतो तेव्हा पहिल्यांदा विचारलं जातं ते सातबाऱ्यावर कोण आहे, हेच. मग वारसनोंदीच्या वेळी कुणाला नोटीस गेली होती, यावर घरं फुटतात. सॉफ्टवेअरमध्ये 'नोटीस बजावली' हा तारखेचा रकाना असतो. तो भरला की अट पूर्ण होते आणि नोंद पुढे सरकते. चावडीची जागा आता 'आपली चावडी' या संकेतस्थळानेही घेतली आहे, तिथे फेरफार आणि हरकतीची शेवटची तारीख कुणालाही पाहता येते. पण अकोले तालुक्यात दिलेली बहीण रोज ते पान उघडत नाही, आणि पत्र तिच्या हातात पडलं की भावाच्याच घरी घेतलं गेलं, हे त्या रकान्यातून कळत नाही. तो रकाना भरताना पोच कुणाची जोडायची, सही कुणाच्या हातची, हे ठरवणारा माणूस प्रोग्रॅमरच्या शेजारी बसायला हवा. आणि तो बहुधा बसलेला नसतो.