लोखंडाचा विटाळ

आमचे आजोबा अलिबागचे. तिथल्या चुंबकीय वेधशाळेला ते ‘सोवळ्यातलं घर’ म्हणत. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी कुलाब्याला होत. मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर धावणार असं ठरलं आणि तिच्या विजेनं नोंदी बिघडणार हे ओळखून कुलाबा वेधशाळेचे नानाभाई मूस यांनी 1904मध्ये अलिबागला बिऱ्हाड थाटलं. दोन वर्षं दोन्हीकडे जोडीनं नोंदी घेतल्या, मगच कुलाबा सोडलं. बांधकामाचा दगड मात्र पोरबंदरचा. ‘‘दारात एवढा काळा पाषाण असताना?’’ असं मी विचारलं की आजोबा म्हणत, ‘‘अरे, त्याच्यातच तर लोखंड!’’

त्याच लोखंडावर पुढे माझं पोट चाललं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली. ती क्षितिजाशी किती कललेली आहे, यावरून तेव्हाचा अक्षांश निघतो.

आंबेनळी घाटात आम्ही ड्रिलनं कातळातून बोटभर जाडीची कांडी कापायचो. ती उपसण्याआधी तिच्यावर दिशेची रेघ मारायची. रेघेआधीच मोडली तर मेहनत पाण्यात. कंपासवर भरवसा नाही, कारण सुईला कातळच ओढतो. मग तबकडीवर सूर्याची सावली पाहायची, घड्याळातली वेळ टिपायची. ढग आला की बसा! घाटाच्या खालच्या थरांत दिशा उलटी मिळे, वर महाबळेश्वरकडे सुलटी. लाव्हा ओतला जात असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पालटले होते.

नमुने कमी पडल्याची कुरकुर केली की आमचे सर एडवर्ड अर्विंगची गोष्ट काढत. केंब्रिजच्या या विद्यार्थ्यानं 1950च्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनचे सात दगड मिळवले आणि भारत दक्षिण गोलार्धातून हजारो किलोमीटर उत्तरेला आला, वाटेत घड्याळाच्या उलट दिशेनं फिरलाही, असा हिशेब मांडला. खंड सरकतात हे तेव्हा भल्याभल्यांना मान्य नव्हतं. 1954मध्ये त्याला पीएच.डी. नाकारली गेली. 1965मध्ये त्याच केंब्रिजनं त्याला त्याहून वरची पदवी दिली.

‘‘सात दगड,’’ सर म्हणत, ‘‘आणि तुम्ही पोतंभर आणून रडता!’’

आज भारताचं सरकणं जीपीएसवर मोजता येतं, वर्षाला काही सेंटिमीटर. अर्विंगला दगडाच्याच शब्दावर विसंबावं लागलं, आणि पदवी हातची गेली तरी तो शब्द त्यानं खाली पडू दिला नाही.