डोहाळे : इच्छेला मिळालेला हक्क

चिंचा-आवळ्यांपुरता उरलेला ‘डोहाळे’ हा शब्द मुळात इच्छेच्या हक्काचा आहे. संस्कृत ‘दोहद’ प्राकृतातून मराठीत आला. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भवती द्विहृदया ठरते. तिची इच्छा डावलली तर अपत्यात व्यंग येते. हे शरीरशास्त्र आज टिकत नाही. पण त्यामुळे एरवी सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला ‘तुला काय हवं?’ असे विचारणे घराचे कर्तव्य झाले. डोहाळजेवण हे त्याच कर्तव्याचे जाहीर रूप.

हा मान गर्भाचा होता, बाईचा नव्हे, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे, कारण बाळंतपणानंतर तो प्रश्न बहुधा थांबत असे. तरी साहित्यातले डोहाळे जिभेपुरते नाहीत. परमानंदाच्या शिवभारतात जिजाबाईंचे डोहाळे राजवैभवाचे आणि पराक्रमाचे आहेत. रघुवंशाच्या १४व्या सर्गात सीतेला गंगातीरावरची तपोवने पुन्हा पाहायची असतात. परमानंदाच्या शिवभारतात जिजाबाईंचे डोहाळे राजवैभवाचे आणि पराक्रमाचे आहेत. राम सीतेची हीच इच्छा तिच्या त्यागासाठी निमित्त म्हणून वापरतो. तो विश्वासघात इतका बोचतो, कारण दोहद पुरवणे हे पतीचे कर्तव्य मानलेले होते.

आज ‘भिकेचे डोहाळे’, ‘मंत्रिपदाचे डोहाळे’ अशा प्रयोगांत हा शब्द उपहासाचा झाला आहे. परंपरेने दिलेली मुभा मर्यादित होती, हे मान्य करूनही तिचे तत्त्व जपायला हवे : बाईची इच्छा ऐकली गेलीच पाहिजे, आणि त्यासाठी गर्भारपणाची अट नको.