शनिवार तेली आणि बाझलचं निमंत्रण

गेल्या व्याख्यानात आपण खिलाफतीपर्यंत आलो होतो. जझीरत-उल-अरबवर मुसलमानेतर सत्ता नको, आणि त्यात पॅलेस्टाइनही आलं, ही मागणी धर्माचा आदेश म्हणून मांडली गेली; गांधीजींनी ती उचलून धरली. मौलाना मोहम्मद अली 1931 च्या जानेवारीत लंडनला वारले, त्यांना दफन केलं जेरुसलेममध्ये. इतकं ठळक उदाहरण समोर असलं की शेजारचं, कमी आवाजाचं उदाहरण नजरेतून सुटतं. आज ते पाहू.

आपण मुलुंडमध्ये बसलो आहोत. पुढचं स्टेशन ठाणे. तिथे बेने इस्रायल लोकांचं 1879 सालचं सिनेगॉग आहे. हे लोक मूळ कोकणातले. धंदा तेल गाळण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. आडनावं गावांवरून, केहिमकर, पेणकर, दिवेकर, बोली मराठी. 1897 मध्ये बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली, तेव्हा यांनाही बोलावणं आलं. यांनी नाही म्हटलं. सियोनला परत न्यायचं ते देवाच्या हातून घडेल, त्याची वाट पाहायची, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याला हा साधेपणा वाटतो. पण नीट पाहा, हीसुद्धा श्रद्धेतून घेतलेली राजकीय भूमिकाच आहे. जेरुसलेमची आस लावणारी तीच प्रार्थना. तिच्यातून कुणी 'चला' असा अर्थ काढला, कुणी 'थांबा'. (आणि 'चला' म्हणणारा हर्झल स्वतः फारसा धार्मिक नव्हता, ही गंमतच!) तेव्हा 'धर्मच असं सांगतो' असं कुणी म्हटलं, की कुणाच्या वाचनात तो असं सांगतो, हे आपण विचारलं पाहिजे. खिलाफतीलाही हाच प्रश्न लागू आहे.

थांबणं फार काळ टिकलं नाही. 1920 मध्ये मुंबईत झायोनिस्ट असोसिएशन निघाली. 1936 मध्ये गांधी-नेहरूंचा पाठिंबा मिळवायला ज्यू एजन्सीने इमॅन्युएल ओल्सवांगर यांना पाठवलं. पाठिंबा काही मिळाला नाही. 1938 च्या नोव्हेंबरात 'हरिजन'मध्ये गांधीजींनी लिहिलं ते झायोनिस्टांना निराश करणारंच होतं. सावरकरांनी मात्र 1923 च्या 'हिंदुत्व'मध्येच झायोनिस्ट स्वप्नाचं स्वागत केलं होतं. ओल्सवांगर यांच्या हातून दुसरंच एक काम झालं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये, म्हणजे नकाराच्याच वर्षी, पुरा केलेला बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी संपादित केला आणि तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला.

1948 नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. आणि तिथे काय झालं? 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सांगितलं की यांची लग्नं नोंदवण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. देवाची वाट पाहत इतकी शतकं शनिवार पाळला, त्यांना आता ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला! 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला आंदोलन पेटलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बींच्या आदेशातून मग त्यांचं नाव तेवढं वगळलं; ज्याच्याविषयी शंका असेल त्याची चौकशी करायचा नियम राहिला. त्याकडे आपण पुढच्या वेळी वळू.